सांबराच्या शिंगाचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत खानापूर तालुक्यातील वन्यजीवांवर आलेला लेख वाचनीय होता. त्यातली दोन विधाने मात्र दुरुस्त करायला हवीत. पहिले असे की, सांबराच्या शिंगाला दर वर्षी एक फांटा फुटतो, म्हणून फांटे मोजले की वय कळते. दुसरे असे की, उन्हाळ्यात जंगलाच्या कडेला एखाद्या ठिकाणी धान्य, चारा आणि पाण्याची टाकी ठेवली की हरणांची प्रकृती सुधारेल आणि 'चांगल्या वंशाचे' नर वाढतील. पहिली चूक निरुपद्रवी आहे. दुसरीमुळे जनावरे मरू शकतात, म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

पूर्ण वाढलेल्या सांबराच्या, म्हणजे कानडीतल्या कडव्याच्या, एका शिंगाला साधारणपणे तीनच टोके असतात. चितळाचेही तसेच. पाच वर्षांच्या नराला तीन आणि दहा वर्षांच्यालाही तीनच. उतारवयात तर शिंग पुन्हा आखूड आणि ओबडधोबड होत जाते. वय काढायचे तर दातांची झीज पाहावी, नाहीतर मेलेल्या जनावराच्या दाताचे मूळ कापून त्यातले थर मोजावेत. झाडाच्या बुंध्यात वर्षाचे कडे दिसते तसेच ते थर असतात. घोटाळ्याचे निम्मे कारण आपल्या भाषेत आहे. गाईचे शिंग आणि सांबराचे शिंग या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. गाईचे, काळविटाचे, चौशिंग्याचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर बसलेली कायमची खोळ. सांबराचे शिंग म्हणजे भरीव हाड. ते दर वर्षी गळते आणि खुंटावर नव्याने उगवते. उगवताना त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. हाड पक्के झाले की ती वाळते आणि नर झाडाला घासून ती काढून टाकतो. म्हणजे प्रत्येक शिंग हा त्या एका वर्षाचा जमाखर्च असतो. त्या वर्षी पोटात काय गेले आणि कळपात त्या नराचे स्थान काय होते, एवढेच त्यात लिहिलेले असते.

हे ज्या जनावरावर सर्वांत बारकाईने तपासले गेले ते म्हणजे युरोपातले रेड डिअर, तांबडे हरीण. ते आपल्याकडे नाही. त्याचा भारतातला नातेवाईक म्हणजे काश्मीरच्या दाचीगामचा हंगूल, जो पूर्वी रेड डिअरचीच उपजात मानला जाई. स्कॉटलंडच्या पश्चिमेला रम नावाचे एक बेट आहे (मद्याशी संबंध नाही). १९५७ मध्ये ते तिथल्या सरकारी निसर्ग संस्थेकडे आले. पूर्वी बेटावरच्या हरणांपैकी सुमारे एक षष्ठांश दर वर्षी मारली जात. १९७२ च्या सुमारास बेटाच्या उत्तर भागात हे मारणे थांबवले गेले आणि तेव्हापासून तिथल्या प्रत्येक हरणाची ओळख पटवून जन्म, माज, वीण, मृत्यू असे सगळे नोंदवले जात आहे. टिम क्लटन-ब्रॉक, फिओना गिनेस, स्टीव्ह अल्बन आणि पुढे जोसेफिन पेम्बर्टन, लुस्के क्रूक ही त्यातली ठळक नावे. तिथे लांडगा नाही, बिबट्या नाही. त्यामुळे हवामान, चारा आणि गर्दी यांचा परिणाम वेगळा काढून पाहता येतो. आपल्या भीमगड अभयारण्यात कोळसुंदे (रानकुत्रे), बिबटे आणि वाघ आहेत. म्हणून रमचे आकडे इथे चिकटवता येत नाहीत, पण कारणांची साखळी लावता येते.

मारणे थांबल्यावर काय झाले? उत्तर भागातल्या प्रौढ माद्या पहिल्या दशकभरात सुमारे ६० वरून दीडशेच्या वर गेल्या. नर मात्र वाढले नाहीत, उलट घटले. लेखाचे तर्कशास्त्र लावले तर बलवान नर टिकायला हवे होते. प्रत्यक्षात माद्यांनी आखूड, कोवळे गवत इतके खालपर्यंत कुरतडले की मोठ्या तोंडाच्या आणि मोठ्या भुकेच्या नराला त्यातून पोटभर घास मिळेना. नर राठ, जाडेभरडे गवत चरायला बाजूला सरकले, किंवा तरुणपणीच भाग सोडून गेले. नर पाडसे पहिल्या हिवाळ्यात मादी पाडसांपेक्षा जास्त मरू लागली. भांडण न होता, एकही शिंग न आपटता झालेली ही स्पर्धा आहे.

माद्यांवरही त्याचा भार पडला. गर्दी कमी असताना रमवरची मादी तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा विते. गर्दी वाढली तसे ते चौथ्यावर गेले. चारा भरपूर असलेल्या जंगलात किंवा पाळीव कळपात हीच जात दुसऱ्या वर्षीच विते. फरक वजनाचा. ठरावीक वजन आले नाही तर मादी माजावर येतच नाही. त्यातही दुभत्या मादीचे हाल सर्वांत जास्त. ज्या मादीने उन्हाळाभर पाडस पाजले तिच्या अंगावर शरदापर्यंत चरबी चढत नाही, मग ती पुढचे वर्ष भाकड जाते. नर पाडस पाजलेली मादी अशी भाकड जाण्याचे प्रमाण अधिक, कारण नर पाडस जन्मताच जड असते आणि जास्त दूध ओढते. गोठ्यातल्या म्हशीबद्दल हे सांगितले तर खानापूरचा कुणीही शेतकरी मान डोलावेल. रानातल्या जनावराबद्दल मात्र आपण लगेच 'रक्त', 'वंश' बोलू लागतो.

आता ज्या गोष्टीला जीवशास्त्राचा नियम म्हणून मिरवले गेले तिचे पुढे काय झाले ते पाहा. १९८४ मध्ये रमच्या संशोधकांनी दाखवले की कळपात वरचढ असलेल्या माद्यांना नर पाडसे जास्त होतात आणि दबलेल्या माद्यांना मादी पाडसे. स्पष्टीकरणही सुरेख होते. दणकट आईचा मुलगा मोठा होऊन खूप पाडसांचा बाप होऊ शकतो, पण अशक्त आईचा मुलगा वाया जातो. १९९९ मध्ये क्रूक आणि सहकाऱ्यांनी अधिक वर्षांची नोंद तपासली. गर्दी वाढली आणि हिवाळे जास्त पावसाचे झाले तसा हा फरक पुसला गेला होता. पोटात नर गर्भ टिकवणे महाग असते. ते परवडेनासे झाले की वरचढ मादीचा फायदाही उरत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. कळपातले स्थान तेच, मादीही तीच, पण पाऊस आणि गर्दी बदलली तर निकाल बदलतो.

शिंगांचे तसेच. रमवर मोठ्या शिंगांच्या नरांना पाडसे जास्त होतात. शिंगांचा आकार काही अंशी बापाकडून मुलाकडे येतोही. दोन्ही खरे असेल तर पिढ्यांमागून शिंगे मोठी व्हायला हवीत. तीस वर्षांच्या नोंदीत ती मोठी झाली नाहीत. गर्दीमुळे उलट लहान झाली. २००२ च्या निबंधात त्याचे उत्तर आले. ज्या नराला लहानपणापासून चांगले खायला मिळाले त्याचे शिंगही मोठे आणि माजातला जोरही मोठा. दोन्हींचे मूळ चाऱ्यात होते, आणि शिंगाच्या आनुवंशिक भागाचा पाडसांच्या संख्येशी संबंध दिसला नाही.

याहून झणझणीत पुरावा भुंड्या नरांचा आहे. स्कॉटलंडच्या माळावर अधूनमधून शिंगच नसलेले नर सापडतात. शिकारखाने सांभाळणारे त्यांना वंशदोष समजून मारत. १९७० च्या दशकात जेराल्ड लिंकन आणि जॉन फ्लेचर यांनी असा एक नर पाळला आणि माद्यांशी जुळवला. मुलगे निघाले व्यवस्थित शिंगांचे. त्याच्या कपाळावरच्या खुंटाच्या टोकाला जखम केल्यावर त्यालाही शिंग फुटले. शिंग उगवायचे तर आधी कपाळावर हाडाचा खुंट वाढावा लागतो आणि तो वाढायला तरुण नराला ठरावीक वजन व पुरेसे टेस्टोस्टेरॉन लागते. उपासमारीत ती वेळ हुकली की शिंगाची कळ दाबलीच जात नाही. उलट टोकाचे उदाहरण म्हणजे १९३० च्या दशकात बोहेमियात फ्रांझ फोग्ट यांनी बंदिस्त तांबड्या हरणांना पिढ्यान् पिढ्या तिळाची पेंड व सकस आहार घातला, तेव्हा मूळ रानातल्यापेक्षा कितीतरी मोठे नर तयार झाले. आणि इंग्लंड-फ्रान्समधल्या जर्सी बेटावर, समुद्र चढून बेट तुटल्यावर अडकलेली तांबडी हरणे सुमारे ६,००० वर्षांत वजनाने एक षष्ठांशावर आली, हे ॲड्रियन लिस्टर यांनी १९८९ मध्ये जीवाश्मांवरून दाखवले. तिथे मात्र पिढ्यांच्या निवडीने रक्तही बदलले असणार. तेही पुन्हा जागेच्या आणि चाऱ्याच्या दाबानेच.

माजाबद्दल थोडे. रमवर माज सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या आगेमागे. सुमारे २३५ दिवसांनी, मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला पाडसे होतात. आपल्याकडे मृग नक्षत्र लागते त्याच सुमारास, हा योगायोग गमतीचा आहे. तिथे हे घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालते. ५७ अक्षांशावर जूनचा दिवस पावणेअठरा तासांचा आणि डिसेंबरचा साडेसहा-पावणेसात तासांचा. बेळगावात हाच फरक तेरा आणि सव्वाअकरा तास इतका बारीक. म्हणून आपल्या चितळांत वर्षभर कुठला ना कुठला नर मखमलीत आणि कुठला पक्क्या शिंगांत दिसतो. सांबर त्या मानाने हंगाम पाळतो, पण तोही सैलपणे. इथे ऋतूचा लगाम पाऊस आणि चारा यांच्या हातात आहे. रमवरचे घड्याळही अढळ नाही म्हणा. १९८० नंतरच्या २८ वर्षांत माज, वीण, शिंगे साफ होणे या तारखा ५ ते १२ दिवसांनी अलीकडे सरकल्या.

माजात नर चरणे जवळजवळ बंद करतो, दिवसरात्र डुरकत राहतो आणि हंगाम संपेपर्यंत वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा गमावतो. डुरकणे हे पोकळ धमकावणे नव्हे. डुरकताना तो स्वरयंत्र छातीच्या हाडापर्यंत खाली ओढतो, त्यामुळे आवाज जाड होतो. पण देहापेक्षा जास्त लांब कंठ ओढता येत नाही, म्हणून आवाजावरून आकार खराच कळतो. दुसरा नर आधी डुरकाळीत तुलना करतो, मग दोघे समांतर चालतात, आणि तरीही फैसला झाला नाही तरच शिंगे भिडतात. भिडण्यात दर वर्षी सुमारे एक पंचमांशाहून अधिक नर जखमी होतात आणि काही कायमचे अधू होतात. स्पेनमधल्या हुआन कारांझा यांच्या गटाने आणखी एक खूण अभ्यासली आहे. माजातला नर पोटावर स्वतःचे मूत्र उडवतो आणि तिथले केस काळे पडतात. नरांची स्पर्धा जास्त असेल तिथे हा काळा डाग मोठा, स्पर्धा कमी असेल तिथे लहान. म्हणजे समोर प्रतिस्पर्धी किती आहेत ते पाहून नर खर्च ठरवतो.

याच गटाचा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लेखातल्या दुसऱ्या सूचनेला थेट लागू पडतो. तांबडा नर सहसा माद्यांच्या कळपामागे फिरतो आणि कळप राखतो. संशोधकांनी माजाच्या दिवसांत ठरावीक जागी चारा टाकला. माद्या तिथे गोळा झाल्या आणि नरांनी कळप राखणे सोडून जागा राखणे सुरू केले. चाऱ्याचे ढीग कुठे टाकले एवढ्यावरून वीण-व्यवस्थाच पालटली. स्पेनमध्ये कठीण ऋतू हिवाळा नसून कोरडा उन्हाळा असतो, हे इथे लक्षात घ्यावे. अथणी-रायबागकडच्या वाचकाला तो स्कॉटलंडपेक्षा ओळखीचा वाटेल.

आता आपल्याकडे या. एकाच जागी चारा ठेवला तर वरचढ नर आणि वरचढ माद्या तो अडवतात. पाडसे, दुभत्या माद्या आणि तरुण नर, म्हणजे ज्यांना गरज आहे तेच, बाहेर ताटकळतात. एका जागी लेंड्या साचतात, जंत पसरतात, गावातल्या गुरांचे आजार येतात, आणि रानकुत्र्यांना व गावच्या मोकाट कुत्र्यांना शिकारीची जागा नेमून दिल्यासारखे होते. धान्याचे तर विचारूच नका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटातले जीवाणू तंतुमय चाऱ्याला सरावलेले असतात. त्यावर अचानक तांदूळ, मका, ज्वारी किंवा लग्नातला उरलेला भात पडला की पिष्टाचे लॅक्टिक आम्ल होते, पोटातला आम्लतेचा तोल ढासळतो, पाणी पोटात ओढले जाते आणि जनावर पोट भरलेले असतानाच एक-दोन दिवसांत मरते. आहार बदलायला त्या जीवाणूंना दोन ते तीन आठवडे लागतात. भूतदयेने टाकलेल्या टोपलीभर भाताला तेवढा धीर नसतो.

रानातल्या हरणांना चारा घालूच नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. बंदिस्त आवारात मात्र घालावाच लागतो. तिथे गव्हाणी एकीपेक्षा जास्त हव्यात, एका नराला एकाच वेळी दोन राखता येणार नाहीत इतक्या अंतरावर, आणि मध्ये झुडपाचा किंवा तट्ट्याचा आडोसा हवा. दबलेले जनावर वरचढाच्या नजरेआड झाले तरच निवांत खाते. उसाचे वाढे आपल्याकडे स्वस्त आणि मुबलक, म्हणून तेच टाकायचा मोह होतो. वाढ्यात ऑक्झलेट असते आणि ते शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते. गोठ्यात आपण वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतो ती त्याचसाठी. शिंगे उगवणारा नर आणि पाजणारी मादी यांना कॅल्शियमचीच टंचाई असते, त्यांच्यापुढे नुसते वाढे टाकणे म्हणजे उधारीवर उधारी. पाणी ठेवायचे तर उथळ, बशीसारख्या उताराचे टाके, दोन-तीन ठिकाणी. उभ्या भिंतीच्या टाकीत पाडस पडले तर वर येत नाही.

कॅल्शियमचे प्रकरण आपल्या पश्चिम पट्ट्यात जास्त गंभीर आहे. कणकुंबी, जांबोटी, आमगाव भागात पाऊस धुवांधार आणि जमीन जांभ्याची. चुना, क्षार वाहून जातात. लोकापूर-बागलकोटकडे चुनखडी आहे, इथे नाही. शिंग वाढत असताना नर स्वतःच्या बरगड्यांतले खनिज उसने घेतो आणि नंतर भरून काढतो. रमचीही जमीन अशीच पावसाने धुतलेली. तिथे तांबड्या हरणांनी समुद्रपक्ष्यांची पिल्ले पकडून त्यांची मुंडकी चावून खाल्ल्याच्या नोंदी आहेत. रॉबर्ट फर्नेस यांनी १९८८ मध्ये त्यावर लिहिले. गवत खाणारे जनावर हाडासाठी इतके पुढे जाते. आपली सांबरे-चितळे गळालेली शिंगे चघळतात, साळिंदरही कुरतडतात. म्हणून 'गळालेलेच तर आहे' म्हणत ते उचलून आणणे ही रानातल्या मिठाच्या खड्यावरची चोरी आहे. सांबरशिंग उगाळून छातीला किंवा सुजेवर लावायची आपली जुनी सवय आहे, तिचा अनादर नाही. पण गळालेले शिंगसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते आणि घरी ठेवणे, विकणे हा गुन्हा ठरतो. दिवाणखान्यातल्या जुन्या शिंगांबाबतही वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

शेवटी मोजणीबद्दल, कारण पुरवणीत 'मोठ्या शिंगांचा नर दिसला, म्हणजे जंगल सुधारले' असे सुचवले होते. रमवरचा सर्वांत यशस्वी नर दोन डझनांच्या घरात पाडसांचा बाप होतो आणि कित्येक नर एकाही पाडसाविना मरतात. कळपाची संख्या मात्र माद्या किती वितात आणि किती पाडसे वर्ष काढतात यावर ठरते. नोंद करायची असेल तर पहाटे ठरलेल्या रेषेवर चालावे. राष्ट्रीय गणनेत दोन किलोमीटरची सरळ रेषा धरतात. त्याच रेषा दर वर्षी त्याच महिन्यात, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दसऱ्यानंतर. प्रत्येक कळपात प्रौढ माद्या, त्यांच्यामागची पाडसे, गेल्या वर्षीची वासरवयाची जनावरे आणि नर वेगवेगळे लिहावेत. माद्यांच्या मागे दर शंभराला पाडसे किती, हा आकडा दोन्ही वेळी काढावा. मृगाआधीचा आकडा कोरड्या ऋतूने काय नेले ते सांगतो. मादीच्या मागच्या भागाकडे दुर्बिणीतून पाहावे. कमरेची हाडे टोकदार दिसत असतील, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे असतील, तर रान कमी पडते आहे, मग नराच्या डोक्यावर काहीही असो. लेंड्यांच्या ठरावीक आकाराच्या चौकटीही त्याच रेषेवर आखाव्यात आणि त्यात शेळ्या-गुरांचे शेण वेगळे मोजावे. हेमाडगा, नागरगाळी, लोंढा या बाजूला हरणाच्या चाऱ्याचा सर्वांत मोठा भागीदार कोण, हे त्या शेणातच कळते.

पाडसाबद्दल एक विनंती. पहिले काही दिवस ते गवतात निपचित पडून राहते आणि आई दूर चरते, दिवसातून थोड्याच वेळा येऊन पाजते. एकटे दिसले म्हणून ते अनाथ नसते. शिवारात सापडले तर हात न लावता मागे फिरावे, कुत्रे बांधावे आणि त्या तुकड्यातली कापणी दुसऱ्या दिवशी करावी.

आपले,
वन्यजीव नोंदी ठेवणारे काही वाचक
खानापूर, जि. बेळगाव